पिशवीतलं ऑफिस

आमच्या सूनबाईचं ऑफिस पिशवीत असतं. हे ऐकून लोक आधी हसतात, मग त्या पिशवीकडे बघतात आणि पुन्हा हसतात. पिशवी काळी, पाठीला अडकवायची, एका बाजूची चेन निम्म्यावर येऊन रुसून बसणारी. आत एक लॅपटॉप, टॉर्च, मोजपट्टी, हातमोजे आणि तळाशी आमच्या ठमीने, म्हणजे नातीने, कधीकाळी कोंबलेले रंगीत खडू. एवढ्या ऐवजावर ही बाई उंच उंच इमारतींच्या लिफ्ट तपासते आणि "ही चालू ठेवा", "ही बंद करा" असे हुकूम सोडत शहरभर फिरते.

मला हे कधी पटलं नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे मला खुर्ची होती. खुर्चीत बसलं की मी कामावर आणि उठलं की घरी, इतकं ते सरळ होतं. सूनबाईचं तसं नाही. ती स्वयंपाकघरात कामावर असते, टॅक्सीत कामावर असते, एकदा तर दाताच्या डॉक्टरपुढे तोंड वासून बसलेली असतानाही ती कामावर होती.

"अगं, कामाला जागा लागते," मी म्हणायची.

"आहे की जागा," असं म्हणून ती पिशवीवर थाप मारायची.

तरी पूर्वी बरं होतं. संध्याकाळी ती इथल्या छोट्या ऑफिसात जायची, तिथल्या टेबलावर बसून दिवसभराचे अहवाल टाइप करायची आणि मग घरी यायची. मग कंपनीने ते छोटं ऑफिस बंद करायचं ठरवलं. सगळ्या तपासनिसांनी मुख्य ऑफिसच्या शहरात येऊन राहायचं. ते शहर इतकं लांब की संध्याकाळी गाडीत बसलं तर सकाळी उतरायचं. एक सवलत मात्र दिली. काही जणांना नवे लॅपटॉप देऊ, त्यांनी काही महिने सगळं काम रस्त्यावरून करून दाखवावं. शेवटी मुख्य ऑफिसातून कुणीतरी येऊन बघेल. जमलं तर राहा आपापल्या घरी, नाही जमलं तर बांधा बोचकी.

बोचकी म्हणजे सूनबाई, माझा मुलगा आणि ठमी. मुलगा शाळेत पोहायला शिकवतो. "पाणी काय, सगळीकडे असतं," असं तो मला समजावत होता. मीही बरोबर चलावं असा दोघांचा आग्रह होता. पण तिथे मिळणारं घर दोन खोल्यांचं. त्यात मला कुठे ठेवायचं यावर त्यांची दाराआड कुजबुज व्हावी आणि ती माझ्या कानावर पडावी, हे मला नको होतं. माझे कान एक्स्चेंजमधले आहेत, त्यांना सगळं ऐकू येतं. सामानाबरोबर सामान होऊन मला जायचं नव्हतं, आणि त्यांनी जाऊ नये असं तर फारच वाटत होतं. पण तसं म्हणणं म्हणजे पोरांच्या पायात पाय घालणं. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं आणि सगळा राग त्या लॅपटॉपवर काढायला सुरुवात केली.

तो घरी आला त्या दिवशी सूनबाईने मला समोर बसवून त्याचं कौतुक ऐकवलं.

"आई, लॅपटॉप नवा आहे त्याचं काही नाही. खरी गंमत आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमची आहे. फिरून काम करणाऱ्यांसाठी कंपन्या घेतात ना, ती. तुम्ही एक्स्चेंजमध्ये बसून बघायचात ना, कुणाला कुणाशी जोडायचं, कुणाला नाही जोडायचं? तशी ही आत बसून सगळं बघते."

"चहा-बिहा घेते की तशीच बसते?"

"हसा तुम्ही. हा माझा चेहरा बघून उघडतो."

"सकाळी केस विंचरायच्या आधीसुद्धा?"

"आधीसुद्धा."

"मग तुझ्या नवऱ्यापेक्षा धीराचा आहे."

मुलाने पेपरमागून खाकरून दाखवलं. सूनबाई थांबेना. "मी फोन खिशात घालून लांब गेले की हा स्वतःच स्वतःला कुलूप लावतो."

"हे माझ्या मुलाला शिकव. दार सताड टाकून जातो."

"लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते, बरोबर? तिथे लिहिलेलं हा जपून ठेवतो आणि वर आलं की आपोआप ऑफिसला पोचवतो. विसरत नाही."

"तो नाही विसरत गं. तू विसरतेस."

"आणि समजा हरवला, तरी चोराच्या हाती नुसता पत्रा लागेल. आतलं एक अक्षर वाचता येणार नाही त्याला. ऑफिसात बसल्या बसल्या याला लांबून कुलूप घालता येतं. कुठे आहे तेसुद्धा नकाशावर दिसतं, अगदी झाकण लावलेलं असलं तरी. आत सिमकार्ड आहे."

"छान," मी म्हटलं. "एवढी चौकशी या घरात माझी कुणी करत नाही."

हे मी चिडवायला म्हटलं होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

काही महिने खरंच सुरळीत गेले. सूनबाई दुपारीच घरी यायला लागली, ठमीला शाळेतून आणायला लागली, आणि तिचे अहवाल ती लिफ्टमधून बाहेर पडायच्या आत ऑफिसात पोचायला लागले. मी मात्र टोमणे मारायचं सोडलं नाही. जेवताना तो लॅपटॉप टेबलावर दिसला की "यांना वाढू का?" असं विचारायची. मनातून मला खात्री होती की हा पत्रा ऐन वेळी दगा देणार, आणि मग ही तिघं जाणार. तेव्हा आपली सोय आपण केलेली बरी.

म्हणून मी एक उद्योग केला. बस बदलायच्या थांब्यासमोर एक वृद्ध निवास आहे. हिरवं फाटक, आत दोन बाकं, कुंड्या ओळीने मांडलेल्या. एक दिवस तिथे जाऊन मी चौकशी केली. मैत्रिणीसाठी म्हणून केली. तिथल्या व्यवस्थापिका बाईंनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "मैत्रिणीला सांगा, खोली रिकामी झाली की कळवू." त्यांना सगळं कळलं होतं. अशा मैत्रिणी त्यांनी पुष्कळ बघितल्या असणार.

मग तो तपासणीचा दिवस उजाडला. मुख्य ऑफिसातल्या साहेबीणबाई येणार होत्या आणि शहरातल्या एका उंच ऑफिस इमारतीत सूनबाईचं काम डोळ्यांनी बघणार होत्या. सूनबाई पहाटेच उठून तयार. कपडे इस्त्रीचे, केस चापून बांधलेले, लॅपटॉप पिशवीत. आणि नेमका ठमीचा एक बूट नाहीसा झाला.

एका बुटासाठी घर कसं पालथं घालतात ते आमच्याकडे येऊन बघावं. मुलगा पलंगाखाली, मी कपाटामागे, ठमी एका पायावर उड्या मारत सगळ्यांना सूचना देतेय. सूनबाईला एकदम शंका आली की खडू जिथे गेले तिथेच बूट गेला असेल. तिने पिशवीतला लॅपटॉप काढून चपलांच्या कपाटावर ठेवला, पिशवी उलटी केली, खडू सांडले, बूट नाही. शेवटी तो बूट ठमीच्या दप्तरात निघाला. मग एकच धावपळ. खडू पिशवीत गेले, मोजपट्टी गेली, टॉर्च गेला. टॅक्सी खाली भोंगा वाजवत होती. सूनबाई एकीकडे, बापलेक शाळेकडे, आणि घर एकदम शांत झालं.

मी चहा घेऊन बसले आणि सहज चपलांच्या कपाटाकडे नजर गेली. ऑफिस घरीच होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या दिवसावर सगळं अवलंबून, त्याच दिवशी ही बाई खडू घेऊन तपासणीला गेली होती. मी चहा तसाच टाकला. लॅपटॉप जाड टॉवेलात गुंडाळला, भाजीच्या पिशवीत घातला आणि निघाले. आधी फोन करावा हे डोक्यातच आलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, स्वतः करायची सवय कुठली? शिवाय माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, तो तिथेच राहिला. हे मला बसमध्ये कळलं. मग सूनबाईला विसराळू म्हणायचं मी थोडा वेळ बंद केलं.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली होती. तपासणी दुपारी सुरू व्हायची होती, म्हणजे वेळ हाताशी होता. वाटेत पिशवीतून दोनदा "टुंग" असा आवाज आला. शेजारच्या बाईने पिशवीकडे बघितलं. "सुनेचा आहे," मी म्हटलं आणि वरून थोपटलं. ती बाई पुढच्या सीटवर जाऊन बसली.

बस बदलायला त्याच थांब्यावर उतरले. दुसरी बस दिसत नव्हती. हिरव्या फाटकातून व्यवस्थापिका बाईंनी हाक मारली.

"बरं झालं आलात! तुमच्या मैत्रिणीसाठी खोली रिकामी झालीय. आज बघायची तर बघा, उद्या दुसरे लोक येणार आहेत."

मी नाही म्हणायला हवं होतं. एका हातात त्यांचं घर इथेच राहावं म्हणून धरलेला लॅपटॉप, आणि पाय मात्र हिरव्या फाटकाकडे. पण मला वाटलं, लॅपटॉप वेळेवर पोचला तरी तो ऐन वेळी काय करील त्याचा नेम नाही. बघून तर ठेवावं. मी आत गेले.

खोली वाईट नव्हती. पलंग, लाकडी कपाट, एक खुर्ची आणि मोठी खिडकी. खिडकीबाहेर भिंत, भिंतीपलीकडे रस्ता. मी पलंगावर बसून बघितलं. इथून बस दिसते हे बरं, असं मनाशी म्हटलं. पण इथे ठमीचा बूट कधीच हरवणार नव्हता. ते मला सहन होईना, म्हणून मी पिशवीकडे वळले. ती पुन्हा "टुंग" म्हणाली होती.

मी टॉवेल सोडला, पर्समधून चष्मा काढून लावला आणि झाकण उघडलं. काळ्या पडद्यावर मोठी पांढरी अक्षरं होती: "हा संगणक हरवला आहे. सापडल्यास कृपया खालील क्रमांकावर फोन करावा."

व्यवस्थापिका बाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं.

"हा हरवलेला नाही," मी म्हटलं. "माझ्या सुनेचा आहे."

"असेल ना," त्या म्हणाल्या, पण खोलीचं दार त्यांनी पूर्ण उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. मी त्यांचाच फोन मागून घेतला आणि त्या क्रमांकावर लावला. पलीकडे एक तरुण आवाज आला.

"लॅपटॉप तुमच्याकडे आहे का?"

"आधी कोण बोलतंय ते सांगावं. फोन उचलल्यावर आधी आपली ओळख द्यायची असते."

तो गडबडला. "मी कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून बोलतोय. बाई, तुम्ही कुठे आहात ते आम्हाला इथे दिसतंय."

"दिसतंय तर विचारता कशाला?"

"तो तुमच्या हाती कसा आला?"

"चपलांच्या कपाटावर होता."

"कुणाच्या कपाटावर?"

"माझ्या."

"तुमच्या घरी तो कसा आला?"

"सुनेबरोबर. आणि सून मुलाबरोबर आली. आणखी किती मागे जायचं आहे?"

तो एकदम नरम पडून म्हणाला, "म्हणजे तुम्ही... त्यांच्या सासूबाई? अहो, त्यांना वाटलं टॅक्सीत राहिला! तुमच्या फोनवर त्यांनी किती कॉल केले. तुम्ही उचलत नाही म्हणून त्यांना वाटलं, घरीही काहीतरी झालं. आम्ही आता पोलिसांना कळवणार होतो."

"कळवा की. पोलिसांच्या गाडीतून लवकर पोचेन. बसचा पत्ता नाही."

माझ्यामागे व्यवस्थापिका बाईंचा जीव भांड्यात पडला असावा, कारण त्यांनी चहा विचारला. पण मला आता धीर नव्हता. पोरगी तिकडे लॅपटॉपविना उभी असणार, साहेबीण घड्याळ बघत असणार. खोलीचं काय ते नंतर सांगते, असं म्हणून मी टॉवेल, पिशवी, पर्स गोळा केली आणि समोरून आलेली बस पळत जाऊन पकडली. माझ्या वयाला न शोभणारं ते पळणं त्या फाटकातल्या दोन्ही बाकांवरच्या लोकांनी बघितलं.

इमारतीच्या दारात रखवालदाराने वही पुढे केली. पर्समध्ये चष्मा सापडेना. नाव कुठे लिहायचं ते दिसलं नाही, म्हणून मी अंदाजाने सही ठोकली. "कुणाकडे?" त्याने विचारलं. "लिफ्टवाल्या बाईकडे, ऑफिस घेऊन आलेय," असं सांगितल्यावर त्याने मला वाद न घालता वर सोडलं.

इमारतीच्या व्यवस्थापकाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी तिथेच थबकले. सूनबाई रडवेल्या चेहऱ्याने उभी असेल अशी माझी अपेक्षा. ती खुर्चीत ऐसपैस बसली होती, हातमोजे काढून ठेवलेले, समोर त्या व्यवस्थापकाचा जुनाट कॉम्प्युटर. आणि त्या परक्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमची ठमी, पुढचा दात पडलेली, खदाखदा हसत होती. तो सूनबाईच्या लॅपटॉपवरचा फोटो होता. तिचं सगळं टेबल जसंच्या तसं तिथे मांडलेलं होतं.

"आई!" ती उठून धावत आली आणि लॅपटॉपकडे न बघता तिने माझे दोन्ही दंड धरले. "तुम्ही ठीक आहात ना? फोन का नाही उचललात?"

"घरी राहिला. हे घे तुझं ऑफिस. अजून वेळ आहे ना?"

"मी लवकर आले, तपासणी झालीसुद्धा, आजी," शेजारच्या उंच बाई म्हणाल्या. त्याच साहेबीण. "यांनी या कॉम्प्युटरवर आपलं नाव घातलं, स्वतःच्या फोनवरून खातरजमा केली, आणि यांचं सगळं काम इथे हजर. लिफ्टच्या खड्ड्यातल्या नोंदी फोनवर घेतल्या, त्या वर आल्यावर आपोआप अहवालात गेल्या. आता बाहेर पडल्या की या कॉम्प्युटरवर मागे काही राहणार नाही."

"म्हणजे मी हा उगाच आणला?"

"उगाच कसा? लॅपटॉप नसला तर काय, हे बघायचं माझ्या मनात होतंच. तुम्ही तर चोरी झाली तर काय, तेही दाखवलंत. हे काही आमच्या कार्यक्रमात नव्हतं." त्या हसत होत्या. "यांनी राहावं इथेच. मी आजच तसं कळवते."

मी खुर्ची बघून बसले. त्या पत्र्याला एवढे महिने इतकं बोलले होते की आता कुठे तोंड लपवावं कळेना. आनंद झाला, फार झाला. उगाच आणलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्याला पुन्हा थोपटलं.

तिथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण साहेबीणबाईंना उत्साह आला होता. त्यांनी कॉम्प्युटर विभागातल्या त्या तरुणाला पडद्यावर बोलावलं आणि म्हणाल्या, "आजींना त्यांचा प्रवास दाखव."

पडद्यावर शहराचा नकाशा आला, त्यावर एक निळी रेघ. पोरगा कौतुकाने सांगायला लागला. "हे तुमचं घर. इथे बसमध्ये बसलात. ही बस हळू होती. आणि इथे ठिपका बराच वेळ थांबला. इथेच आम्हाला संशय आला, कारण हा बसथांबा नाही, आतली इमारत आहे. पत्ता बघितला तर वृद्ध निवास. चोर वृद्ध निवासात कशाला जाईल, यावर आमच्याकडे वाद चालला होता."

तो एकटाच हसला. सूनबाई नकाशाकडे बघत होती.

"बस बदलायला थांबले," मी म्हटलं.

"आत जाऊन?" ती म्हणाली.

माझ्या कामात मी कुणाचं गुपित कधी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. स्वतःचं मात्र मी भाजीच्या पिशवीत घालून स्वतः उचलून आणलं होतं.

स्वतःच तपासलेल्या लिफ्टमधून तिने मला खाली आणलं. फुटपाथवर आल्यावर तिने मला थांबवलं.

"खोली बघून आलात?"

"मैत्रिणीसाठी."

"आई."

"खिडकी चांगली आहे," मी म्हटलं. याहून मूर्ख उत्तर मला सुचलं नाही.

ती चिडली. तिला तशी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. "कमाल आहे तुमची! ही बदली मला केव्हाच आली होती. बढतीसकट. मी नाही म्हटलं. मग ऑफिस बंद करायची भाषा सुरू झाली, तेव्हा मुख्य ऑफिसात जाऊन मी भांडले, की माझं घर हलणार नाही, ऑफिस हलेल असं काहीतरी द्या. हा प्रयोग आपोआप झाला नाही आई, मी करायला लावला. पहिलं नाव माझं होतं. आणि तुम्ही? तुम्ही रोज विचारायचात, यांना वाढू का!"

"मग सांगायचं ना मला."

"तुम्ही सांगितलंत? 'जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. घरात सगळ्यांवर बोलता, तेवढे दोन शब्द नाही निघाले?"

ती खरं बोलत होती. मला तिचा राग आला नाही, उलट इतकं बरं वाटलं की रडू फुटेल की काय अशी भीती वाटली. इतके दिवस मी तिला आमच्या घरातली पाहुणी समजत होते, पिशवी पाठीला लावून केव्हाही निघेल अशी. आणि ती तर पाय रोवून उभी होती, माझ्याचसाठी.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"आता काय उपयोग? आता जातच नाही आहोत." ती हसली आणि नाक ओढलं. "चला. घरी."

"आधी एका ठिकाणी जावं लागेल," मी अगदी हळू म्हटलं. "चष्मा तिथे राहिलाय. खिडकीत."

तिने कपाळावर हात मारला. टॅक्सी केली, मला आत बसवलं, आणि हिरव्या फाटकाशी आल्यावर माझ्या आधी उतरून तरातरा आत गेली. मागोमाग मी. व्यवस्थापिका बाई कागद घेऊन तयारच होत्या. "मैत्रिणीचं ठरलं का?"

"आमच्या आईंचा चष्मा इथे राहिलाय," सूनबाई म्हणाली. "तेवढाच न्यायला आलोय."

व्यवस्थापिका बाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागद ठेवून चष्मा आणून दिला. त्यांना बहुतेक याही वेळी सगळं कळलं.

घरी आलो तर बापलेक आधीच आलेले. बातमी ऐकून ठमीने घरभर एका पायावर उड्या मारल्या. दुसरा बूट पुन्हा कुठेतरी होता. मी चहा टाकायला गेले. सूनबाईने माझा फोन चार्जिंगवरून काढला आणि ठमीला घेऊन कोपऱ्यात बसली. दोघींची बरीच कुजबुज चालली होती. माझे कान एक्स्चेंजमधले, पण मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग फोन माझ्यापुढे आला. "चष्मा लाव आजी," ठमी म्हणाली.

मी लावला. फोन अजून उघडलाही नव्हता, तरी पडद्यावर मोठी पांढरी अक्षरं होती: "हा फोन ज्यांचा आहे त्या आजी आमच्या आहेत. कुठेही सापडल्यास कृपया घरी आणून सोडाव्यात." खाली सूनबाईचा नंबर होता.

मला हसू आलं आणि मग रडूही आलं, दोन्ही सगळ्यांच्या देखत. सूनबाई गडबडली. "काढून टाकू का आई?"

"राहू दे," मी म्हटलं. "पण ते 'सापडल्यास' तेवढं काढ. मी आता कुठे जात नाही."